किती खाल्लं, किती अंगी लागलं

हापूस आंबा म्हैसूरच्या देवराज मार्केटात 'बदामी' या नावाने मिळतो. देवगड-रत्नागिरीच्या माणसाला हे पटकन मानवत नाही, पण जात तीच. शेजारच्या टोपल्यांत रसपुरी, मलगोवा, तोतापुरी, नीलम आणि मल्लिका असतात. 2007 साली याच गावातल्या शास्त्रज्ञांनी या सहा जातींच्या गरातलं बीटा-कॅरोटीन मोजलं. आंब्याला केशरी रंग देणाऱ्या या द्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. मलगोव्याच्या 100 ग्रॅम गरात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरलं, बदामीत तीन मिलिग्रॅमच्या वर. हापूसवाल्यांनी इथे मिशीवर ताव द्यायला हरकत नाही.

पण या शास्त्रज्ञांनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला, आणि हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. गरात कॅरोटीन आहे हे ठीक, पण पोटात गेल्यावर गरातून सुटून शोषलं जाण्याजोगं त्यातलं किती उरतं? आंब्यात दूध घातल्यावर ते प्रमाण वाढलेलं दिसलं. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्धांशाचा आधार लागतो. आमरसावर तुपाची धार ओढणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, 'बरं मग?'

अन्नपदार्थात अमुक आहे, तमुक आहे, अशा याद्या आपल्याकडे उदंड झाल्या. पालकात लोह, शेवग्यात कॅल्शियम, हळदीत कर्क्युमिन. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या आरोग्य-सुभाषितांत दुसरं काही नसतंच. खाल्लेल्यातलं अंगी किती लागतं याचा हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडला. भारतात हे चिवट आणि काहीसं कंटाळवाणं काम ज्या मोजक्या ठिकाणी झालं, त्यात म्हैसूरचं नाव वरचं आहे.

स्टेशनजवळ कृष्णराजसागर रस्त्यावर रेल्वे म्युझियमच्या समोर एक राजवाडा दिसतो. वाडियार घराण्यातल्या राजकन्येसाठी बांधलेली ही चेलुवांबा मॅन्शन. 21 ऑक्टोबर 1950 पासून इथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिला सगळे सीएफटीआरआय म्हणतात. पर्यटक म्युझियममधली इंजिनं पाहून अंबाविलास राजवाड्याकडे निघून जातात. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींचं वेळापत्रक वृंदावन गार्डन, चामुंडी, चंदनाचा साबण आणि रेशमी साडी एवढ्यातच संपतं. ज्या दुधाच्या डब्यावर त्यांच्यापैकी अनेकांचं बालपण गेलं त्याचा उगम या फाटकाच्या आत आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो. लहान बाळासाठी दुधाची पावडर करायची तर जगभर गाईचं दूध वापरत. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचं. त्यात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट, आणि पोटात त्याचं दही घट्ट बसतं, ते तान्ह्या बाळाला पचायला जड. म्हशीच्या दुधापासून बाळाचं अन्न होणं अवघड, असंच परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. म्हैसूरच्या मंडळींनी स्निग्धांश कमी केला, दह्याची गाठ मऊ होईल असे फेरफार केले, जीवनसत्त्वं घातली आणि ती कृती आणंदच्या सहकारी संघाला दिली. पुढे अमूलचा डबा घरोघर गेला.

संस्थेचे पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन हे जीवरसायनाचे प्राध्यापक. बंगालचा 1943 चा दुष्काळ पाहिलेली ही पिढी. भुईमुगाची पेंड चार वाट्यांतल्या तीन आणि हरभऱ्याचं पीठ एक, वर जीवनसत्त्वं, असं 'बहुगुणी अन्न' त्यांनी तयार केलं. लोकांनी ते काही फार आवडीने खाल्लं नाही. पेंड ही गुरांची, हे डोक्यातून जाता जात नाही. पण भुकेचं गणित प्रयोगशाळेत सोडवता येईल, असा विश्वास त्या काळात होता, आणि इथल्या पुढच्या कामाचा पाया त्यानेच घातला.

सुब्रह्मण्यन म्हैसूरला आले ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून. टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या 371 एकर जमिनीवर उभी राहिलेली ती संस्था, त्यामुळे तिलाही म्हैसूरचंच लेकरू म्हणायला हवं. तिथल्या जीवरसायन विभागाशी मराठी माणसाचं नातं आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

1933 साली मुंबईहून कमला भागवत नावाची मुलगी तिथे प्रवेशासाठी आली. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुलगी परीक्षेत अव्वल आलेली. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलींना घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. कमलाबाईंनी कारण विचारलं आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, 1936 मध्ये एमएस्सी झाल्या आणि केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असतं, म्हणजे प्राण्यांच्या पेशी ज्या साखळीने श्वसन करतात तिचा दुवा बटाट्यातही आहे. पीएचडीचा प्रबंध होता सुमारे 40 पानांचा. आजच्या विद्यापीठांतले चारशे पानी गठ्ठे पाहिले की हा आकडा मोठ्याने वाचावासा वाटतो.

1939 मध्ये त्या परतल्या, काही काळ निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत होत्या, लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. नीरेवरच्या त्यांच्या कामाचा बराच गाजावाजा झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं वालावरचं काम. 1955 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी आंबे यांनी वाल आणि डबलबी यांच्यातून स्फटिकरूपात वेगळं काढलेल्या एका प्रथिनाची माहिती दिली. हे प्रथिन आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला पकडून ठेवतं. ट्रिप्सिनचं काम प्रथिनं तोडण्याचं. तेच जायबंदी झालं की वालातलं प्रथिन कागदावर कितीही असो, पचत नाही. कच्च्या दाण्यांवर वाढवलेल्या उंदरांची वाढ खुंटते, स्वादुपिंड सुजतं. नीट शिजवलं की हा अडसर बहुतांशी मोडतो.

हिवाळ्यात म्हैसुरात जा. रस्तोरस्ती अवरेकायचे ढीग असतात, म्हणजे ओल्या वालाच्या शेंगा. घरोघर बायका दाणे भिजत घालतात आणि चिमटीत धरून एकेक दाणा सालातून टचकन बाहेर काढतात. उपिटात, सांबारात, तळून, सगळीकडे तेच. कोकणातल्या घरात बिरड्यासाठी डाळिंब्या सोलताना बोटांची हालचाल अगदी हीच असते, फक्त आपण त्याआधी मोड आणतो. भिजवणं, सोलणं, मोड आणणं, शिजवणं या प्रत्येक पायरीवर दाण्यात काय बदलतं, याचा शोध पुढे सीएफटीआरआयमध्ये कल्पना प्लाटेल, के. श्रीनिवासन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं घेतला.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शिजवलेलं धान्य वाटून चंबूत घ्यायचं. त्यात पेप्सिन हा जठरातला पाचकरस आणि आम्ल घालून चंबू 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास हलवत ठेवायचा. हे झालं जठर. मग त्यात खाण्याच्या सोड्याचं द्रावण भरलेली एक पातळ नळीसारखी पिशवी सोडायची. तिच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की प्रथिनांचे मोठे रेणू आत शिरत नाहीत, सुटे झालेले लोह-जस्ताचे कण मात्र जातात. सोडा हळूहळू बाहेर झिरपतो, आंबटपणा उतरतो, मग स्वादुपिंडाचे रस आणि पित्त घालायचं आणि पुन्हा दोन तास थांबायचं. हे झालं आतडं. शेवटी पिशवीतलं द्रव काढून त्यातलं लोह आणि जस्त मोजायचं. धान्यातल्या एकूण लोहापैकी पिशवीत जेवढं आलं तेवढंच शोषायला मोकळं झालं, बाकीचं चंबूत तसंच राहिलं. हे राहिलेलं प्रमाण पाहून पहिल्यांदा धक्काच बसतो. धान्य-कडधान्यांतलं बहुतेक लोह असंच बाहेर जातं, कारण धान्यातलीच फायटेट आणि टॅनिन ही द्रव्यं त्याला धरून बसलेली असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात 54 टक्के. यातल्या कितीतरी जणी भाजी-भाकरी, डाळ-भात पोटभर खाणाऱ्या आहेत. तेव्हा चंबूतल्या त्या पिशवीकडे नुसतं कुतूहल म्हणून पाहता येत नाही.

निष्कर्ष कुठे आपल्या समजुतींना दुजोरा देतात, कुठे नाहीत. मोड आणलेल्या मुगा-हरभऱ्यांतलं लोह जास्त सुटतं, पण जस्त उलट कमी सुटल्याचं दिसलं. 'मोड आले की सगळंच वाढतं' हे वाक्य तेवढं सोडून द्यावं. इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ मात्र दोन्ही परीक्षांत उत्तम गुणांनी पास झालं. म्हैसूर मसाला डोशाची बाजू घ्यायला मला एरवीही कारण लागत नाही, पण हे एक हाताशी असलेलं बरं. डाळ-तांदळात कांदा किंवा लसूण घातल्यावर लोह दहा टक्क्यांपासून सत्तरेक टक्क्यांपर्यंत जास्त मोकळं झालं, धान्य कोणतं त्यावर अवलंबून. आंबट पदार्थांत आमचुराने जस्ताला मदत केली, चिंच आणि कोकम यांनी तशी केली नाही. आंबटपणा सारखाच, पण चिंचेत-कोकमात टॅनिन भरपूर. कोकणी माणूस सोलकढी सोडणार नाही आणि सोडूही नये. जेवणात कधी आमचूरही असावा, एवढंच यातून घ्यावं.

जेवणानंतरच्या कपाचं काय? म्हैसुरात फिल्टर कॉफी, आपल्याकडे चहा. याची चाचणी थेट माणसांवर झाली, अमेरिकेत 1983 मध्ये. हॅम्बर्गरबरोबर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं, चहा घेतल्यावर 64 टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही. ज्या घरात लोहाच्या गोळ्या चालू आहेत तिथे जेवण आणि चहा यांच्यात थोडं अंतर ठेवलं तर फुकटात फायदा आहे.

चहा-कॉफीची चाचणी सोडली तर हे सगळं चंबूतलं, हेही लक्षात ठेवायला हवं. चंबूला भूक नसते, त्याच्यात लोहाचा आधीचा साठा नसतो, त्याला जंत होत नाहीत. ज्याच्या अंगात लोह कमी तो जास्त शोषतो, ही किमया चंबूत दिसत नाही. म्हणून हे शास्त्रज्ञ 'शोषलं गेलं' असं लिहीत नाहीत, 'शोषायला उपलब्ध झालं' एवढंच लिहितात. वर्तमानपत्रात येईपर्यंत हा फरक गळून पडतो.

चंबू आणि शरीर यांच्यातला हा फरक जिवावर बेततो तो सापाच्या विषाच्या बाबतीत. म्हैसूर विद्यापीठाचं मानसगंगोत्री हे आवार चेलुवांबा मॅन्शनपासून फार दूर नाही. तिथल्या जीवरसायन विभागात टी. वीरबसप्पा गौडा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची एक परंपरा सर्पविषाच्या अभ्यासाची आहे. घोणस, फुरसं, नाग यांच्या विषातली विकरं वेगळी काढायची, ती पेशींची आवरणं, रक्त, स्नायू यांचं काय करतात ते पाहायचं, आणि कोणती वनस्पती त्यांना रोखते ते शोधायचं. 2006 मध्ये त्यांनी चिंचोक्याच्या अर्कावरचं काम छापलं: या अर्काने घोणशीच्या विषातली अनेक विकरं निष्प्रभ केली. लाजाळूच्या मुळांवरही काम झालं.

काम चांगलंच आहे. विषाचा दंशाच्या जागी जो सडवणारा परिणाम होतो, पाय कापायची पाळी येते, त्यावर प्रतिविष फारसं चालत नाही, तिथे पुढे असं एखादं द्रव्य उपयोगी पडू शकेल. पण अशा बहुतेक प्रयोगांत विष आणि अर्क आधी एकत्र मिसळलेले असतात आणि मग परिणाम पाहिलेला असतो. शेतात घोणस चावते तेव्हा चिंचोका तिच्या दातात नसतो. देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे 58 हजार माणसं मरतात असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यातले पुष्कळ जण मांत्रिकाकडे किंवा मुळीवाल्याकडे वेळ घालवून मग दवाखान्यात पोचलेले असतात. त्या मुळीवाल्याच्या हातात 'म्हैसूरला सिद्ध झालंय' असं कात्रण पडू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं, आणि उपाय तोच.

आता हळद. सांगलीच्या वाचकाला हा लेख इथूनच सुरू व्हायला हवा होता असं वाटेल. हरिपूरची पेवं, मार्केट यार्डातले सौदे, 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं सांगलीचं. पण त्या हळदीच्या पोटातलं रसायन मोजण्याचं मोठं काम म्हैसूरला झालं. हळदीचा पिवळेपणा ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते 1815 मध्ये युरोपात पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, 1910 मध्ये त्याची रचना कळली. 1970 साली सीएफटीआरआयच्या सुब्बा राव, चंद्रशेखर, सत्यनारायण आणि श्रीनिवासन यांनी दाखवलं की कोलेस्टेरॉल चारलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिलं तर रक्तातलं आणि यकृतातलं कोलेस्टेरॉल कमी राहतं. मग पित्ताचा स्राव, पित्तखडे, मधुमेह असं एकेक करत काम चालू राहिलं. आज हळदीवर जगभर हजारो निबंध निघतात. त्या काळी एका मसाल्याच्या मागे इतकं लागणारे लोक फार नव्हते.

याच संस्थेतला 2007 चा एक निबंध मला सगळ्यात आवडतो, कारण तो सरळ स्वयंपाकघरात शिरतो. हळद आपण कच्ची खात नाही, शिजवतो. शिजवताना कर्क्युमिनचं काय होतं? उत्तर: 27 ते 53 टक्के नष्ट होतं, आणि सर्वात जास्त नुकसान दहा मिनिटांच्या प्रेशर कुकरमध्ये. सोबत चिंच असेल तर नुकसान 12 ते 30 टक्क्यांवर येतं, आंबटपणात कर्क्युमिन जास्त टिकतं. वर जिला जस्ताच्या हिशेबात नापास केलं, ती चिंच इथे कामाला आली. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि मिऱ्यातलं पायपरिन हेही शिजताना पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं.

मग थोडं गणित करू. चमचाभर हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम. बाजारातल्या हळदीत तीनेक टक्के कर्क्युमिन धरलं तर चमच्यात 90 मिलिग्रॅम. आमटी कुकरमधून बाहेर येईतो त्यातलं निम्मं गेलं, राहिलं 45. ते चार माणसांच्या पानात वाटलं गेलं, म्हणजे दरडोई अकरा मिलिग्रॅम. कर्क्युमिनच्या चाचण्यांत लोकांना देतात ते ग्रॅमच्या मापाने. दोन ग्रॅम कर्क्युमिन पोटात जायचं तर पासष्टेक ग्रॅम हळद फाकावी लागेल.

आणि एवढी खाऊनही काय? बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1998 मध्ये निरोगी माणसांना नुसतं दोन ग्रॅम कर्क्युमिन देऊन रक्त तपासलं, तेव्हा ते रक्तात जवळजवळ सापडलंच नाही. ते पाण्यात विरघळत नाही. जे थोडं आतड्याच्या भिंतीतून जातं त्याला तिथली आणि यकृतातली विकरं लगेच एका साखरआम्लाची शेपटी जोडून बाहेरचा रस्ता दाखवतात. याच प्रयोगात बरोबर 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. हळदीच्या प्रत्येक कॅप्सूलच्या डब्यावर 'दोन हजार टक्के' हा आकडा असतो तो इथला. जवळजवळ शून्याच्या वीस पट म्हणजे किती, हे डब्यावर लिहीत नाहीत.

2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी कर्क्युमिनचा सगळा लेखाजोखा मांडला. परीक्षानळीत ते जवळपास प्रत्येक चाचणीत 'काम करतं' असं दिसतं, कारण ते स्वतः प्रकाशतं, चिकटतं, मोडतं आणि चाचणीलाच फसवतं. माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांपैकी एकही निर्विवाद यशस्वी झालेली नाही, असं त्यांचं मत पडलं. सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही, आणि एक गोष्ट त्यांच्या विरोधकांच्या बाजूची आहे: आतड्यात काम करायचं असेल तर रक्तात जावंच लागतं असं नाही. पित्त वाढवणं, पाचकरसांना चालना देणं ही म्हैसूरच्या प्रयोगांत दिसलेली कामं आतड्याजवळच होतात. फोडणीतल्या हळदीच्या वाट्याला एवढं श्रेय आलं तरी ते कमी नाही.

इथे कुणीतरी पेटंटचा विषय काढणारच. मार्च 1995 मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. सीएफटीआरआय ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत येते तिचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. परिषदेने 1996 मध्ये आव्हान दिलं, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि जुन्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातले मिळून 32 दाखले लावले आणि ऑगस्ट 1997 मध्ये दावे फेटाळले गेले. आपल्याकडे त्याला दुसरी हळदीघाटी म्हणाले. अभिमान वाटावा असाच तो विजय होता. पण त्याचा अर्थ लोकांनी भलताच लावला. पेटंट कार्यालयापुढे प्रश्न होता, ही कल्पना नवी आहे का? नाही, जुनी आहे, हे सिद्ध झालं. हळद कोणता रोग किती बरा करते, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. 'अमेरिकेनेही मान्य केलं' म्हणून हळदीची कॅप्सूल विकणारा माणूस एका खटल्याचा निकाल दुसऱ्याच खटल्यात वापरतो आहे.

दरम्यान खऱ्या हळदीची काळजी कमी झाली आहे. पॉलिश केलेल्या हळकुंडाला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात आढळले आहेत. बांगलादेशातल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं कुठून येतं याचा माग काढणारे संशोधक 2019 मध्ये हळदीपर्यंत पोचले. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि ते कुकरमध्ये नष्ट होत नाही. कमला सोहोनी निवृत्तीनंतर मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत भेसळ ओळखण्याच्या कामाला लागल्या होत्या. केंब्रिजची ही शास्त्रज्ञ गृहिणींसाठी सोप्या चाचण्या तयार करत होती. सीएफटीआरआयही आज वादग्रस्त नमुन्यांचा अंतिम निवाडा करणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक आहे. 2015 च्या डिसेंबरात मॅगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने नमुने म्हैसूरलाच तपासायला सांगितले होते. हे काम कॅप्सूलइतकं चकचकीत नाही. माझ्या मते ते जास्त गरजेचं आहे.

आणि त्या कॅप्सूलबद्दल शेवटचं. पायपरिन कर्क्युमिनला रक्तात शिरू देतं ते यकृताच्या विकरांना थोपवून. ती विकरं फक्त हळदीसाठी नसतात, आपण घेतो त्या अनेक औषधांचाही निचरा तीच करतात. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन पायपरिनबरोबर रक्तात वाढतं, हे माणसांवर तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या यकृत-इजांच्या नोंदवहीत 2011 ते 2022 या काळात हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित दहा रुग्ण नोंदले गेले, त्यातला एक दगावला. काहींच्या गोळ्यांत पायपरिन होतं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये असाच इशारा दिला. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने हे आकडे लहान आहेत, आणि पानातल्या हळदीचा यात काही दोष नाही. आमटी बिनघोर खा. पण घरात कुणाला फेफऱ्याची, रक्त पातळ करण्याची किंवा यकृताची औषधं चालू असतील आणि कपाटात हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलची बाटली असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती बाटली पिशवीत टाका आणि त्यांना दाखवा.